नगर जिल्ह्यातील सायकलवाटा : माळ, घाट आणि नदीकाठचे निवांत रस्ते

सायकल हे वाहन एकेकाळी गरजेचे होते. दूध घालायला, शाळेत जायला, कामावर पोहोचायला दारोदारी तीच होती. मोटारसायकल आली आणि सायकल भिंतीला टेकली. आता ती पुन्हा रस्त्यावर दिसू लागली आहे, पण व्यायामाचे आणि भटकंतीचे साधन म्हणून. मोठ्या शहरांतील सायकलस्वार सुटीच्या दिवशी मोकळे रस्ते शोधत लांबवर जातात. नगरकरांना मात्र असे रस्ते शहराच्या वेशीपासूनच उपलब्ध आहेत. ते कोणते, कोणत्या ऋतूत कोठे जावे आणि कोणती काळजी घ्यावी, याची एकत्रित माहिती येथे देत आहोत.

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा जिल्हा महाराष्ट्रात विस्ताराने सर्वांत मोठा आहे. २०२४ साली त्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. बोलण्यात 'नगर' हा शब्द अजून रुळलेला आहे, म्हणून या लेखात तोच वापरला आहे. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पश्चिमेला सह्याद्रीचे कडे आणि धोधो पाऊस आहे, मध्यभागी कोरडे पठार आहे, उत्तरेला कालव्याखालचा उसाचा पट्टा आहे आणि दक्षिणेला भीमेकाठची सपाटी आहे. एकाच जिल्ह्यात चार प्रकारच्या सायकलवाटा मिळण्याचे कारण ही विविधता होय.

भूमी आणि पाणलोट

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, सीना नदीच्या काठी वसले आहे. सीनेचे उगम दोन मानले जातात. एक पश्चिमेला जामगावच्या बाजूला आणि दुसरा ईशान्येला जेऊरच्या बाजूला. शहराच्या उत्तरेला डोंगराची धार ओलांडली की पाणी मुळा-प्रवरेला आणि तेथून गोदावरीला मिळते. धारेच्या दक्षिणेचे पाणी सीना, घोड आणि कुकडीवाटे भीमेकडे जाते. सायकलस्वाराला हा भूगोल पायाने कळतो. नदीच्या कडेने जाणारा रस्ता सपाट असतो, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्याला घाट चुकत नाही.

दख्खनच्या लाव्ह्याचे थर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले असल्याने येथील चढही तसेच आहेत. काही किलोमीटर सपाट माळ, मग एक छोटी चढण, पुन्हा माळ. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील हलक्या चढ-उतारांचे रस्ते सायकलस्वारांना प्रिय असतात. त्या धर्तीची लय पारनेर आणि नगर तालुक्यांच्या पठारावर सापडते. फरक एवढाच की तेथे हिरवी कुरणे बारमाही असतात, तर आपल्याकडील माळ वर्षातून तीन-चार महिनेच हिरवा असतो.

निवांत रस्ता कसा ओळखावा?

नकाशावर सगळे रस्ते सारखेच दिसतात. प्रत्यक्षात रस्त्याचा दर्जा सांगणारी खूण कडेलाच रोवलेली असते. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामीण मार्ग. सायकलस्वाराने शक्यतो नारिंगी आणि काळ्या-निळ्या दगडांच्या रस्त्यांवर राहावे. पिवळे दगड केवळ जोडरस्त्यापुरते वापरावेत.

ग्रामीण रस्ते डांबरी होण्यास डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने गती दिली. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ साली आली. या रस्त्यांची डांबरी रुंदी साधारणपणे पावणेचार मीटर, म्हणजे एका वाहनापुरती असते. प्रारंभी लावलेल्या फलकावर रस्त्याची लांबी आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असते. ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असल्याने ही तारीख वाचणे उपयुक्त ठरते. मुदत उलटून बरीच वर्षे झालेला रस्ता उखडलेला असण्याची शक्यता गृहीत धरावी.

ऋतूंचे गणित

नगरचे पठार पर्जन्यछायेत येते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळातही येथे सायकल चालविता येते. पावसाची भुरभुर आणि ढगाळ हवा उलट सोयीचीच असते. अडथळा असतो तो वाऱ्याचा. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा एवढा जोरदार असतो की पारनेर तालुक्यातील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. म्हणून या दिवसांत जाताना पश्चिमेकडे जावे. अंगात ताकद असताना वाऱ्याला तोंड द्यावे आणि परतताना तो पाठीशी घ्यावा.

ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पहाटे कडाक्याची थंडी असते. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा त्याआधी निघण्यात फारसा अर्थ नाही. मार्चपासून ऊन तापू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत सकाळी नऊपूर्वी घरी परतावे.

याला आणखी एका हंगामाची जोड द्यावी लागते, ती म्हणजे ऊस गाळपाची. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव आणि संगमनेर या तालुक्यांतील रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. म्हणून साधा नियम असा, की कारखाने बंद असताना उत्तरेकडे जावे आणि धुराडी पेटली की दक्षिणेकडे व पठाराकडे वळावे.

मार्ग पहिला : शेंडी, डोंगरगण, वांबोरी

(जाऊन-येऊन सुमारे ५० ते ५५ कि.मी.; मध्यम)

छत्रपती संभाजीनगर रस्त्याने शेंडीपर्यंत गेल्यावर वांबोरीकडे फाटा फुटतो. येथपर्यंत वाहतूक असते, पुढे ती झपाट्याने ओसरते. पिंपळगाव माळवीचा ब्रिटिशकालीन तलाव ओलांडून रस्ता डोंगरगणला पोहोचतो. येथील दरीत रामेश्वराचे स्थान आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना ही जागा इतकी आवडली की त्यांनी तिला 'हॅपी व्हॅली' हे नाव दिले आणि ते अजूनही ऐकू येते. जवळच मांजरसुंब्याचा छोटा किल्ला आहे.

डोंगरगणच्या पुढे वांबोरी घाट उतरतो आणि पठार संपून मुळेचे खोरे सुरू होते. उतारावर वळणे असल्याने दोन्ही ब्रेक सांभाळून वापरावेत. परतताना नगर-मनमाड महामार्गाचा मोह टाळावा. शिर्डीची आणि मालवाहू वाहनांची गर्दी असलेला तो रस्ता सायकलसाठी नाही. घाट पुन्हा चढून आल्या वाटेनेच परतणे श्रमाचे असले तरी सुरक्षित आहे.

मार्ग दुसरा : चांदबीबी महाल

(जाऊन-येऊन सुमारे २६ कि.मी.; छोटा, शेवटी तीव्र चढ)

शाह डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी वास्तू चांदबीबीच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. डोंगर शहरापेक्षा अडीचशेहून अधिक मीटर उंच आहे आणि त्यातील बराचसा चढ अखेरच्या टप्प्यात एकवटलेला आहे. नगरमधील सायकलस्वार घाटाची तयारी करण्यासाठी या चढाचा उपयोग करतात. पाथर्डी रस्त्यावरील वाहतूक लक्षात घेऊन रविवारी सकाळी लवकर जावे. माथ्यावरून शहर, भिंगारची छावणी आणि सीनेचा परिसर दिसतो.

मार्ग तिसरा : हिवरे बाजार, जामगाव, पारनेर

(जाऊन-येऊन सुमारे ८० ते ९० कि.मी.; मध्यम ते दीर्घ)

जिल्ह्यातील पठारी सायकलवाटांत हा मार्ग सर्वांत परिपूर्ण म्हणावा लागेल. कल्याण महामार्गाने नेप्तीच्या पुढे गेल्यावर हिवरे बाजारकडे वळता येते. नगरपासून हे गाव सुमारे १७ किलोमीटरवर आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामे हाती घेतली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त लावली. उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने नकार दिला. पवार यांना २०२० च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली. गावाच्या शिवारात शिरताच झाडीतला फरक सायकलवरूनही जाणवतो.

तेथून भाळवणीमार्गे जामगावला जावे. महादजी शिंदे यांचा वाडा येथे आहे. पारनेरकडे जाताना छोटा घाट लागतो आणि मग पठाराची लाट सुरू होते. खरिपात मूग, बाजरी, वाटाणा आणि रब्बीत ज्वारी अशी पिके दुतर्फा असतात. डिसेंबर-जानेवारीत कोठे ना कोठे हुरड्याची आगटी पेटलेली दिसते. दमदार सायकलस्वारांना पारनेरहून राळेगणसिद्धी गाठता येते, किंवा आणखी वीस-पंचवीस किलोमीटरवरील निघोजला जाऊन कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहता येतात. पाण्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कठीण खडकात कोरलेले हे खळगे भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांनाही खेचून आणतात. पावसाळ्यात पात्राच्या कडेला जाऊ नये, खडक निसरडा असतो.

मार्ग चौथा : करंजी, मढी, वृद्धेश्वर

(नगरहून जाऊन-येऊन १०० कि.मी.हून अधिक, तिसगावहून आरंभ केल्यास निम्म्याहून कमी)

गर्भगिरीच्या डोंगररांगेतील हा मार्ग नाथपंथाच्या स्थानांना जोडतो. करंजी घाटापर्यंतचा महामार्ग वर्दळीचा आहे, म्हणून सायकल वाहनावर टाकून तिसगावपर्यंत नेणे श्रेयस्कर. तेथून मढीचे कानिफनाथांचे स्थान आणि घाटशिरसजवळचे वृद्धेश्वर हे दोन टप्पे करता येतात. होळी ते गुढीपाडवा या काळात मढीची यात्रा भरते आणि गाढवांचा बाजारही. त्या दिवसांत सायकलला वाट मिळणे कठीण.

दिवाळीनंतर पाथर्डी तालुक्यातील अनेक वाड्या-वस्त्यांवर कुलपे दिसतात. ऊसतोडीसाठी माणसे घरे बंद करून कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली असतात, मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. या रस्त्यांची हिवाळ्यातील शांतता सुखद वाटली तरी तिचे एक कारण हे स्थलांतर आहे, याचे भान ठेवावे.

मार्ग पाचवा : कर्जत, रेहेकुरी, राशीन, सिद्धटेक

(सपाट, हिवाळ्यासाठी)

दक्षिणेकडील या भागात चढ नाममात्र आहेत, म्हणून नवख्यांनी व कुटुंबांनी येथून आरंभ करावा. कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखीव झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. सकाळच्या वेळी कळप रस्त्यालगतही दिसतात. सायकलचा आवाज होत नसल्याने काळवीट लगेच बुजत नाहीत. मात्र थांबून हाका मारणे, पाठलाग करणे कटाक्षाने टाळावे. पुढे राशीनची देवी आणि भीमाकाठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक. चतुर्थीला व सुट्यांना मोटारींची रीघ लागते, एरवी रस्ता मोकळा असतो.

इतिहासप्रेमींना याच भागात श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा भीमाकाठचा भुईकोट, जामखेड तालुक्यातील अहिल्याबाई होळकर यांचे जन्मगाव चौंडी आणि १७९५ च्या लढाईमुळे परिचित असलेला खर्डा ही ठिकाणे जोडता येतील. प्रत्येकासाठी स्वतंत्र दिवस ठेवणे बरे.

मार्ग सहावा : नेवासे, प्रवरासंगम

(सपाट, जून ते सप्टेंबर)

ज्ञानेश्वरी जेथे १२९० साली सांगितली गेली, त्या नेवाशातील पैस खांबापासून प्रवरेच्या काठाकाठाने गोदावरी-प्रवरा संगमापर्यंत जाता येते. संगमावर टोके आणि प्रवरासंगम येथील मंदिरे नदीच्या दोन तीरांवर आहेत. कालव्याखालच्या या भागात गाळप हंगामात जाऊ नये. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, त्यावरून चाके घसरतात.

मार्ग सातवा : भंडारदरा जलाशयाची परिक्रमा

(सुमारे ४० ते ४५ कि.मी.; अवघड)

येथील शेंडी हे अकोले तालुक्यातील गाव होय. पहिल्या मार्गातील शेंडीशी गल्लत करू नये. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या आर्थर जलाशयाभोवती मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी वाट फिरते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई एका अंगाला आणि रतनगड दुसऱ्या अंगाला राहतो. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर विश्रांतीसाठी योग्य टप्पा आहे. घाटघर-रतनवाडी परिसराला 'नगर जिल्ह्याचे चेरापुंजी' म्हणतात ते अतिवृष्टीमुळे. जुलै-ऑगस्टमध्ये धुके, दरडी आणि पर्यटकांच्या मोटारी या तिन्हींचा त्रास होतो, तेव्हा सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ निवडावा. हा भाग अभयारण्यात येत असल्याने वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरावे लागते. काही टप्प्यांत डांबर तुटके असते, अरुंद टायरच्या सायकली येथे आणू नयेत.

सायकल आणि साहित्य

महागडी सायकल असलीच पाहिजे असे नाही. पठारी मार्गांसाठी २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरेसे होतात. घाटासाठी पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांचे चक्र असल्यास गुडघ्यांवर ताण येत नाही. नगरच्या सायकलस्वाराचा खरा शत्रू चढ नसून काटा आहे. साइडपट्टीवर सराटा पसरलेला असतो आणि बाभळीच्या काट्या बैलगाडीतून, शेळ्यांच्या चाऱ्यातून रस्त्यावर पडतात. म्हणून सायकल डांबरावरून खाली उतरवायची झाल्यास उचलून घ्यावी. दोन जादा ट्यूब, ठिगळांचा डबा, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि पंप बरोबर असावा.

गावोगावी पंक्चरची दुकाने आहेत, परंतु तेथील पंप जाड व्हॉल्व्हसाठी असतो. नव्या सायकलींच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तो लागत नाही. पितळी अ‍ॅडाप्टर खिशात ठेवला की ही अडचण दूर होते. माळावर वीस-वीस किलोमीटर सावली मिळत नाही. दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, आणि चिमूटभर मीठ-साखर एवढी शिदोरी प्रत्येकाने घ्यावी.

दीर्घ अंतराची आवड निर्माण झालेल्यांसाठी ब्रेव्हे हा प्रकार आहे. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावे लागतात. ही शर्यत नसते, वेळेत पोहोचणारे सगळे यशस्वी मानले जातात. तिसरा मार्ग दोन-तीनदा सहज झाला, तर २०० चा विचार करण्यास हरकत नाही.

सुरक्षितता

अंधारात सायकल चालवू नये, हा पहिला नियम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अनेकदा मागच्या दिव्यांवाचून आणि रिफ्लेक्टरवाचून चालतात, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस शेजारून जाणाऱ्याला फटका देऊ शकतो. उभ्या ट्रॉलीवर आदळून जाणारे बळी ही या पट्ट्यातील दरवर्षीची बातमी आहे. अशा वाहनाला ओलांडण्याची घाई न करता थांबून त्याला जाऊ द्यावे. दुसरे कारण बिबट्याचे. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, पारनेर या तालुक्यांत उसाच्या आडोशाने बिबट्यांचा वावर असतो. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळी उसातून जाणारे रस्ते टाळावेत.

हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, भडक रंगाचा सदरा या गोष्टी दिवसाही हव्यात. वस्तीवरचा कुत्रा अंगावर आला तर वेग वाढविण्याऐवजी उतरावे आणि सायकल मध्ये धरून चालावे. मेंढरांचा कळप आडवा आला तर थांबावे. घंटी वाजवून मेंढरे बुजविल्यास ती पांगतात आणि मेंढपाळाचा तास-दीड तास गोळा करण्यात जातो. आठवडे बाजाराच्या दिवशी त्या गावातून सकाळी दहापूर्वी निघून जावे. रस्त्यावर मळणीसाठी धान्य पसरलेले असल्यास वळसा घालावा. शाळेतील बोअरचे पाणी घेताना विचारून घ्यावे आणि वेष्टने परत न्यावीत.

रस्ते निवांत राहावेत म्हणून

इंग्लंडमध्ये २००० सालच्या वाहतूक कायद्याने स्थानिक प्राधिकरणांना कमी वर्दळीचे ग्रामीण रस्ते 'निवांत गल्ल्या' म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला. अशा रस्त्यावर पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार आणि मोटारी यांचा वापर समान धरला जातो आणि तसा फलक लावला जातो. रस्ता नवा बांधावा लागत नाही, दृष्टी तेवढी बदलावी लागते.

आपल्याकडे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. साइडपट्ट्या भरणे, काटेरी झुडपे तोडणे, वळणांवर वेगमर्यादेचे फलक लावणे आणि कारखान्यांकडून प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर बसवून घेणे, या कामांना फार मोठा खर्च येत नाही. त्यांचा लाभ हौशी सायकलस्वारांपेक्षा अधिक कोणाला होईल, तर याच रस्त्यांनी दररोज शाळेला जाणाऱ्या मुलामुलींना. त्यांची सायकल आजही गरजेचीच आहे. सुटीच्या दिवशी या वाटांनी जाणाऱ्याने कोठे खड्डा आहे, कोठे फलक पडला आहे याची नोंद करून ती ग्रामपंचायतीला किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला कळविली, तर आपण वापरलेल्या रस्त्याचे थोडे ऋण फिटेल.